वही कुणाच्या घरी ठेवायची?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाचा ओलावा, विम्याचे पंचनामे आणि ज्वारीची खरेदी यांवर बोलणे झाले. आम्हाला संगणकावर बोलायला सांगितले आहे आणि वेळ दिली आहे जेवणानंतरची. ज्यांना डुलकी काढायची त्यांनी खुशाल काढावी. पण समोर शेतकरी उत्पादक कंपन्यांचे दहा-बारा संचालक बसलेले दिसतात. त्यांतल्या निम्म्यांनी तरी गेल्या दोन महिन्यांत आम्हाला फोन करून एकच गोष्ट विचारली. क्लाऊडवरचे सॉफ्टवेअर विकणारी माणसे मोटारसायकलवरून येतात, टाय लावून येतात, कोणाचे घ्यावे? एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाच सांगतो. कोणाचे घ्यावे ते सांगणार नाही. आम्ही काय चुकलो आणि दुसऱ्या वेळी काय पाहिले तेवढे सांगतो.

क्लाऊड म्हणजे ढग. कोरडवाहू शेतकऱ्याला ढगाच्या भरवशावर किती राहावे हे कोणी शिकवायला नको. नाव ठेवणाऱ्याने मृगातले कोरडे ढग पाहिलेले नसावेत. खरे तर यात ढग कुठेच नाही. मुंबईत, पुण्याकडे, हैदराबादेकडे मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. मायक्रोसॉफ्टने पुण्याकडे २०१५ साली आणि अ‍ॅमेझॉनने मुंबईत २०१६ साली असे ठाणे मांडले. आपल्या कार्यालयातला संगणक ही फक्त खिडकी. काट्यावर वजन झाले, ऑपरेटरने आकडा भरला, की तो आकडा त्या इमारतीतल्या वहीत लिहिला जातो. जुन्या भाषेत सांगायचे तर आपली रोजकीर्द आणि खतावणी आपल्या कपाटात नाही, दुसऱ्याच्या घरी आहे, आणि ती पाहायचे आपण दर महिन्याला भाडे देतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जो माणूस आपल्याकडे विकायला येतो, त्याची ती इमारत नसते. तो सॉफ्टवेअर बनवतो आणि जागा मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतो. म्हणजे आपण पोटभाडेकरू. आपण आपले भाडे वेळेवर दिले आणि मधल्याने पुढे दिले नाही, तर कुलूप आपल्याही खोलीला लागते.

एवढे असूनही आम्ही क्लाऊड घेऊ नका असे म्हणत नाही. कार्यालयातला संगणक व्होल्टेजने जळतो, उंदीर वायर कुरतडतात, आणि जिनिंगवरचा हिशेब व गावातल्या संकलन केंद्रावरचा हिशेब एकमेकांना महिनाभर भेटत नाही. क्लाऊडवर चार गावांत भरलेला कापूस संध्याकाळी एका आकड्यात दिसतो, सनदी लेखापालाला जिल्ह्याच्या गावी बसून हिशेब पाहता येतो. सोय मोठी आहे. त्या सोयीपायीच आम्ही घेतले आणि फसलो.

आमची कंपनी पैनगंगेच्या काठच्या कोरडवाहू गावांची. कापूस गोळा करायचा, भाड्याच्या जिनिंगमध्ये रुई-सरकी वेगळी करायची, गाठी विकायच्या. त्याशिवाय थोडी ज्वारी, थोडा हरभरा. सभासद अकराशे चाळीस. काट्यावर माल आला की पहिला हप्ता द्यायचा आणि गाठी विकल्या की फरक वाटायचा, अशी आमची रीत. म्हणजे कोणाचे किती क्विंटल, कोणत्या तारखेचे, कोणत्या प्रतीचे, उचल किती कापली, हा हिशेब हंगामभर सांभाळावा लागतो. फरक त्याच हिशेबावर निघतो. २०१८ साली एका सॉफ्टवेअर कंपनीने पहिले वर्ष फुकट दिले. आम्ही संचालकांनी चहा घेत पडद्यावरचे रंगीत आलेख पाहिले आणि चौदा पानी इंग्रजी करारावर प्रत्येक पानाला सह्या केल्या. वाचला कोणीच नाही.

तीन वर्षे बरे चालले. २०२१ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकाने दर बदलले, कंपनीमागे होते ते सभासदामागे केले. तशी सूचना त्याने ई-मेलने पाठवली, ती गेली आमच्या जुन्या व्यवस्थापकाच्या पत्त्यावर. तो गडी वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. खाते मात्र त्याच्याच मोबाईल नंबरावर उघडलेले, ओटीपी त्यालाच जायचा. जानेवारी २०२२ मध्ये एका सकाळी पडद्यावर अक्षरे आली की आपली मुदत संपली आहे. बाहेर सोळा गाड्या उभ्या. तो हंगाम कसला होता ते तुम्हाला आठवत असेल, कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडलेला. फोन लावला तर वाजंत्री ऐकू येई, माणूस येईना. तिसऱ्या दिवशी माणूस आला. म्हणाला, अडीचपट दर आणि दोन वर्षांचे आगाऊ. आम्ही म्हटले, तुमचे सॉफ्टवेअर ठेवा, आमचा हिशेब द्या. त्यावर त्याने करारातले एक कलम वाचून दाखवले. करार संपल्यावर माहिती 'पुरवठादार ठरवील त्या स्वरूपात' मिळेल. त्याने ठरवलेले स्वरूप म्हणजे चार हजारांवर पानांची पीडीएफ. पीडीएफ म्हणजे वहीचा फोटो. वाचता येतो, बेरीज करता येत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओतता येत नाही. फार भांडल्यावर एक एक्सेलची फाईल आली. तिच्यात आकडे होते आणि सभासदांच्या नावांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हे. मराठी अक्षरे बाहेर पडताना मोडली होती. अकराशे चाळीस प्रश्नचिन्हांना फरक कसा वाटायचा?

वाचवले ते काटापावत्यांनी. देवळाच्या भोंग्यावरून सांगितले, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितले, ज्याच्याकडे जी पावती असेल ती आणा. टोपीत घडी करून ठेवलेल्या आल्या, पासबुकातून आल्या, एका बाईने चार पावत्या कुंकवाच्या डब्यातून काढून दिल्या. सव्वीस दिवस लागले. एकेचाळीस पावत्या सापडल्या नाहीत, त्यांचे पैसे आम्ही सभासदाच्या शब्दावर दिले. पुढे बँकेशी मेळ घातला तेव्हा त्यांत दोघे जास्तीचे सांगून गेलेले निघाले. एकेचाळिसात दोन, हे प्रमाण आम्हाला तरी वाईट वाटले नाही.

खरा तोटा वेगळाच झाला. त्या सव्वीस दिवसांत ज्यांच्या घरात कापूस शिल्लक होता त्यांनी तो खेडा खरेदीवाल्याला घातला. हिशेब हरवलेल्या कंपनीच्या काट्यावर माल कोण आणील? एक म्हातारे सभासद आमच्या तोंडावर म्हणाले, "व्यापारी निदान वही तरी दाखवतो." आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यातले काही सभासद अजून परत आलेले नाहीत.

शेत विकत घेताना आपण काय पाहतो? माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो आणि बैलगाडी न्यायला वाट आहे का ते विचारतो. वाट नसलेले शेत स्वस्त मिळते, ते का स्वस्त असते हे तहसीलीत वहिवाटीचे खटले लढवणाऱ्यांना विचारा. आम्ही सॉफ्टवेअरची माती पाहिली, पाणी पाहिले, माल बाहेर काढायची वाट विचारली नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही लहान म्हणून तुमचे असे झाले. मोठ्यांचे ऐका. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. तीत रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा मोठा वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसारख्या सेवा थांबवल्या. नायराचे म्हणणे, परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले आहेत आणि माहिती आमची आहे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, काही दिवसांत सेवा पुन्हा चालू झाल्या. रिफायनरीला दिल्लीचा वकील परवडतो. आपल्याला तारखेला जायचे तिकीट परवडत नाही.

अमेरिकेत निर्व्हॅनिक्स नावाची माहिती साठवणारी कंपनी होती. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने गिऱ्हाइकांना सांगितले की दोन आठवड्यांत आपापला माल उचला. मुदत थोडी वाढली, कंपनी दिवाळखोरीत गेली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची आख्खी इमारत जळाली, आणि ज्यांनी दुसरी प्रत कुठे ठेवली नव्हती त्यांचे गेले ते गेलेच. ऑस्ट्रेलियात युनिसुपर हा निवृत्तिवेतनाचा फंड आहे, सहा लाखांवर सभासदांचा. मे २०२४ मध्ये त्याचे गूगलच्या क्लाऊडवरचे काम गूगलकडच्याच चुकीने पुसले गेले आणि सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. त्यांनी एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवलेली होती, तिचा सावरायला उपयोग झाला.

आणि अगदी आपल्या दाराशी घडलेली गोष्ट. ३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सहकारी आणि ग्रामीण मिळून सुमारे तीनशे लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार अडले. या सगळ्या बँका सी-एज नावाच्या एकाच कंपनीची यंत्रणा वापरत होत्या. तिच्यावर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला जाळ्यातून तोडून ठेवले. दुसऱ्या दिवशी जोडणी परत झाली, पण तेवढ्या वेळात तीनशे बँकांचे खातेदार एकाच्या दुखण्याने आजारी पडले. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँकेची मिळून उभी केलेली कंपनी. म्हणजे नाव मोठे आहे एवढ्यावर निवड करून भागत नाही.

आता कायद्याचे थोडक्यात, कारण संचालकांनी हे घरी जाऊन विसरू नये. उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपायची जबाबदारी संचालकांची. हिशेब संगणकावर असेल तर त्याची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असली पाहिजे, असे नियमात २०२२ पासून आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचे सॉफ्टवेअर असे हवे की कोणी कोणता आकडा कधी बदलला त्याची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. लेखापरीक्षक हे तपासतो. तेव्हा विकणाऱ्याला तोंडावर विचारा, सर्व्हर कोणत्या शहरात, फेरबदलाची नोंद कुठे दिसते? तो गडबडला तर दंड त्याला होत नाही, आपल्याला होतो.

सेवा सोसायट्यांचे सचिव इथे आहेत. ते म्हणतील आम्हाला निवड कुठे आहे, केंद्र सरकारने २०२२ मध्ये ६३,००० सोसायट्यांसाठी २,५१६ कोटींची संगणकीकरणाची योजना मंजूर केली आणि सॉफ्टवेअर वरूनच ठरले. बरोबर आहे. तरी आपल्या सोसायटीची पूर्ण प्रत आपल्या हातात केव्हा आणि कशी मिळते, हे विचारायला कोणी मनाई केलेली नाही.

तर दुसऱ्या वेळी आम्ही काय केले ते सांगतो. तिघांना बोलावले. एक मोठ्या नावाचा, एक पुण्याकडचा मध्यम आणि तिसरा आमच्याच एका सभासदाचा मुलगा, हुशार, घरी बसून सॉफ्टवेअर करणारा. तिघांनाही सांगितले, तुमचे रंगीत आलेख राहू द्या. आमच्या एका वाईट दिवसाच्या साठ काटापावत्या घ्या आणि आमच्यासमोर भरा. त्या दिवसात सगळे होते. एका सातबारावरचे तीन भाऊ, बाराच्या वर ओलावा म्हणून परत पाठवलेली गाडी, कवडी कापसाची वेगळी प्रत, फरदड, बियाण्याची उचल कापून दिलेला हप्ता, चुकून दोनदा लिहिलेली पावती.

मोठ्या नावाच्या सॉफ्टवेअरला हप्ता आणि फरक ही भानगडच कळेना. मालाचा भाव एकदाच ठरतो अशी त्याची समजूत. बदल करायला सहा महिने आणि वेगळे पैसे. मग आम्ही तिघांच्याही वेळी मध्येच इंटरनेटची वायर काढली. आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही पाहुण्यासारख्या येतात. मोठ्याचा पडदा तिथेच गोठला. पुण्याच्याने वजने संगणकातच साठवली आणि वायर लावल्यावर वर पाठवली. मुलाचेही चालले, फक्त दोन पावत्या दोनदा गेल्या.

शेवटी आम्ही म्हटले, आता हे सगळे बाहेर काढून आमच्या पेनड्राइव्हवर द्या. असे की दुसऱ्या कोणत्याही संगणकावर उघडेल, नावे मराठीत राहतील आणि बेरीज आमची आम्हाला करता येईल. मोठा म्हणाला, ती सोय आहे पण वरच्या दराच्या योजनेत. पुण्याच्याला चाळीस मिनिटे लागली. नावे नीट आली, उचलीचा रकाना मात्र राहून गेला होता. तो त्याने आठ दिवसांत दुरुस्त करून आणला, सही व्हायच्या आधी. मुलाने पाच मिनिटांत सगळे स्वच्छ काढून दिले. सर्वांत चांगले त्याचेच निघाले.

तरी आम्ही काम मुलाला दिले नाही आणि हे ठरवताना संचालक मंडळात दोन रात्री भांडण झाले. आपला पोरगा, आपल्या गावचा पैसा गावात राहील, हे सगळे खरे. पण सर्व्हरची किल्ली त्याच्या एकट्याच्या डोक्यात. उद्या त्याला बंगलोरला नोकरी लागली, नाही म्हणायचे का? किंवा देव न करो, अपघात झाला तर? अकराशे घरांची वही एका माणसाच्या जिवावर टांगून ठेवायची आमची छाती झाली नाही. जुना हिशेब नव्यात ओतण्याचे आणि ऑपरेटर मुलींना शिकवण्याचे काम त्याला दिले, त्याचे पैसे दिले. त्याचे वडील वर्षभर आमच्याशी नीट बोलत नव्हते. आता बोलतात.

पुण्याच्याशी भाव करताना आम्ही पहिल्या वर्षाचा दर पाहिला नाही, पाच वर्षांचा मांडला. हे लोक वापरणाऱ्या माणसामागे महिन्याला दर लावतात, वर अठरा टक्के जीएसटी. आमचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. तेव्हा काट्यावर नऊ माणसे लागतात, उन्हाळ्यात दोन. नऊ माणसांचे बारा महिने का भरायचे? हंगामापुरते सात जादा, असे लिहून घेतले. दरवाढ वर्षाला दहा टक्क्यांच्या वर नाही, हेही लिहून घेतले.

तुम्हाला ते '९९ टक्के वेळ चालू' असे छापील कागद दाखवतील. हिशेब करा. तीस दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास, त्याचा एक टक्का म्हणजे सव्वासात तासांना थोडे कमी. म्हणजे महिन्यातून एक आख्खा दिवस काटा बंद राहिला तरी त्याने शब्द मोडला असे होत नाही. ९९.९ टक्के म्हणाल तर बंद राहण्याची मुभा त्रेचाळीस मिनिटांची. आणि शब्द मोडला तर भरपाई काय? बहुतेक करारांत महिन्याच्या भाड्यातली थोडी सूट. बाहेर उभ्या गाड्यांचे भाडे आणि भिजलेला कापूस त्यात येत नाही. म्हणूनच वायर काढून पाहायची.

करारात आम्ही आणखी तीन गोष्टी घातल्या. खाते कंपनीच्या ई-मेलवर आणि कंपनीच्या नावच्या सिमवर, ते सिम कार्यालयाच्या तिजोरीत. दर किंवा मालक बदलला तर नव्वद दिवस आधी कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने सूचना. या पोस्टाला पुण्याचे लोक हसले, पण कलम घातले. आणि पैशाचा वाद असला तरी हंगामात कुलूप नाही, करार संपल्यावर नव्वद दिवस माहिती उघडी, बाहेर काढायचे शुल्क शून्य. युरोपात हे कायद्यानेच येते आहे, १२ जानेवारी २०२७ पासून तिथे पुरवठादार बदलणाऱ्या गिऱ्हाइकाकडून बदलण्याचे शुल्क घेता येणार नाही. गूगल, अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ मध्येच सोडून जाणाऱ्यांसाठी माहिती नेण्याचे शुल्क सोडले. पण ती सूट इमारतवाल्याने मधल्याला दिलेली आहे, पोटभाडेकरूला ती आपोआप मिळत नाही. आपण लिहून घ्यायची.

आता दर बाजारच्या दिवशी ऑपरेटर पूर्ण हिशेबाची प्रत दोन डिस्कवर काढते. एक जिनिंगवर राहते, एक अध्यक्षांच्या घरी. पाडव्याला त्यातली एक डिस्क दुसऱ्याच संगणकावर उघडून आम्ही कोणत्याही दहा सभासदांचे हिशेब काढतो. पहिल्या पाडव्याला उघडली तेव्हा आत आठ आठवड्यांचे काहीच नव्हते. ती मुलगी फाईलऐवजी फाईलची शॉर्टकट नावाची खूण तेवढी उतरवत होती. तिला रागे भरले नाही, कारण आठ आठवडे आमच्यापैकीही कोणी उघडून पाहिले नव्हते. आणि काटापावती अजून कागदावरच देतो, मराठीत, वर शिक्का मारून. पुण्याच्या लोकांनी मोबाईलवर संदेश पुरे म्हणून सांगितले होते.

आमच्या कराराची मुदत येत्या पाडव्याला संपते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जिनिंगच्या शेडमध्ये पुन्हा तिघे विकणारे येणार आहेत, त्यात तो मुलगाही आहे. आता त्याच्याकडे आणखी दोन माणसे कामाला आहेत. ज्या कंपन्यांना सॉफ्टवेअर घ्यायचे आहे त्यांच्या संचालकांनी आपल्या सर्वांत वाईट दिवसाच्या वीस-वीस काटापावत्या घेऊन यावे. जेवणाची सोय आहे, ज्वारीची भाकरी आणि पिठले. इंटरनेटची वायर कोणी काढायची ते तिथेच ठरवू.